एमी वाइनहाउसचं गाणं नेमकं कसं बनलंय?

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो डोक्यावर फुगवून बांधलेला उंच अंबाडा, डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेलं जाड आयलायनर, हातांवरचे टॅटू, आणि मग लगेच पुढचं वाक्य येतं, अरे ती दारूने गेली ना, 27 वर्षांची. झालं, विषय संपला. मला हे खरंच लागतं. ही पोरगी स्वतःची गाणी स्वतः लिहायची, गिटार घेऊन कॉर्ड शोधत बसायची, आणि जिवंत असताना आलेल्या दोनच अल्बममध्ये तिने जे काम करून ठेवलंय ते कळायला जरा बसावं लागतं. तर बसूया. सोल म्हणजे काय, ती "मागे रेंगाळून" गाते म्हणजे नक्की काय करते, तिचा 2006 सालचा बॅक टू ब्लॅक हा अल्बम 1963 सालचा का वाटतो, आणि शेवटी तिच्या शरीरात काय झालं, हे सगळं जमेल तितकं सोपं करून सांगते. पाश्चात्य संगीताची थिअरी येत नसली तरी काही अडत नाही.

जन्म 14 सप्टेंबर 1983, उत्तर लंडनमधल्या एनफिल्डचा, वाढली साउथगेटमध्ये. ज्यू कुटुंब. वडील मिच पुढे टॅक्सी चालवायला लागले, आई जॅनिस फार्मासिस्ट, एक मोठा भाऊ अ‍ॅलेक्स. वडील घरात फ्रँक सिनाट्रा या अमेरिकन गायकाची गाणी म्हणत फिरायचे, आईच्या माहेरचे काही जण जॅझ वाजवणारे, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वडिलांची आई सिंथिया. ही आजी स्वतः गायची, आणि तरुणपणी तिचं रॉनी स्कॉटबरोबर जमलेलं होतं, तोच सॅक्सोफोनवाला रॉनी स्कॉट ज्याच्या नावाचा जॅझ क्लब लंडनच्या सोहोमध्ये आजही चालतो. म्हणजे बघा, पोरीच्या कानावर लहानपणापासून जे पडत होतं ते तिच्या वयाच्या मुलांच्या कानावर पडत नव्हतं. एमी नऊ वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आजीच्याच सांगण्यावरून तिला नाटक-गाण्याच्या शाळेत घातलं, आणि दहाव्या वर्षी तिने मैत्रिणीबरोबर रॅप करायला दोघींचा ग्रुप काढला, नाव स्वीट अँड सावर, कारण तेव्हा ती सॉल्ट-एन-पेपा या अमेरिकन रॅप करणाऱ्या मुलींच्या प्रेमात होती.

हे रॅपचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण बहुतेक लोक तिला जुन्या जमान्यातली गायिका समजतात आणि तिथेच चुकतात. घरातून जॅझ आलं आणि बाहेरून हिपहॉप आलं, आणि ही दोन्ही तिच्यात शेवटपर्यंत एकाच वेळी होती.

तेरा-चौदाची असताना गिटार हातात आली आणि गाणी लिहायला सुरुवात झाली. 2000 मध्ये ती ब्रिटनच्या नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायली, तेव्हा ती जेमतेम 16-17 ची. टायलर जेम्स नावाचा तिचा गायक मित्र होता, त्याने तिची टेप पुढे पोचवली आणि 2002 मध्ये तिला मॅनेजमेंट कंपनी मिळाली, मग आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला.

आता एमी ज्या धाटणीत गायची त्या सोलबद्दल, कारण हा शब्द आपण कुठल्याही भावुक गाण्याला चिकटवतो. सोल ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेली गोष्ट आहे. रविवारी चर्चमध्ये जे गॉस्पेल गायचे त्यात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे उत्तर देतात, आवाज मुद्दाम फाटू देतात, एकाच अक्षरावर सात-आठ सूर फिरवतात, देवाला हाक मारताना लाज बाळगत नाहीत. 1950 च्या दशकात रे चार्ल्ससारख्यांनी काय केलं, की तीच गायकी, तीच हाक घेतली आणि देवाच्या जागी बाई किंवा पुरुष ठेवला. भजनाच्या चालीवर प्रेमाचं गाणं! त्या वेळी बऱ्याच भाविक लोकांना हे अजिबात पटलं नव्हतं. पुढे 1960 च्या दशकात याची दोन मोठी घरं झाली, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, डेट्रॉइटमध्ये मोटाऊन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स. मोटाऊनचं गाणं घासूनपुसून चकचकीत केलेलं, स्टॅक्सचं जरा खरखरीत आणि घामाचं.

मग हे इंग्लंडमध्ये कसं पोचलं? रेकॉर्डवरून. इंग्लिश पोरांना या संगीताचं अक्षरशः वेड लागलं, 1965 मध्ये मोटाऊनचे कलाकार दौऱ्यावर येऊन गेले, उत्तर इंग्लंडमध्ये तर 70 च्या दशकात विगनसारख्या गावात रात्रभर विसरलेल्या अमेरिकन सोल रेकॉर्डवर नाचायची मोठी चळवळच झाली. डस्टी स्प्रिंगफील्ड लंडनहून उठून मेम्फिसला गाणं रेकॉर्ड करायला गेली. म्हणजे गोऱ्या इंग्लिश मुलीने काळ्या अमेरिकेचं गाणं गाणं ही एमीने सुरू केलेली गोष्ट नाही, तिच्याआधी चाळीस वर्षांची वाट होती. त्याबद्दल एक अवघड गोष्टही आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी आवाज. एमी होती कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालचा प्रकार, खर्जाकडे झुकलेला, जाड, थोडा धुरकट. वरच्या पट्टीत जाऊन टाळ्या घ्यायच्या असा तिचा स्वभावच नव्हता. तिची खरी करामत वेळेत होती. मी थोडं शास्त्रीय शिकलेय म्हणून तसंच सांगते. समजा तबल्याचा ठेका चालू आहे. गायकाने शब्द बरोबर मात्रेवर टाकला तर सरळ गाणं झालं. एमी शब्द मात्रेच्या किंचित नंतर टाकते, इतकं किंचित की चुकली असं वाटत नाही पण ऐकणाऱ्याच्या अंगात एक ओढ तयार होते, आता पडेल शब्द, आता पडेल, आणि मग ओळ संपता संपता ती उरलेले दोन-तीन शब्द भराभर कोंबून आरामात समेवर येऊन बसते. चांगली ठुमरी ऐकलेल्या माणसाला हे एका मिनिटात कळेल. जॅझवाले याला बीटच्या मागे गाणं म्हणतात आणि बिली हॉलिडेने यात जे करून ठेवलं त्याच्यावर पुढच्या सगळ्या गायिका शिकल्या. एमी डायना वॉशिंग्टन आणि सारा व्हॉनला ऐकत वाढली, डायना वॉशिंग्टनचे शब्द इतके स्वच्छ आणि धारदार पडतात की तिच्यावरून एमीने काय उचललं ते सहज ऐकू येतं.

आणि एक, हे रेंगाळणं दुःखातून आपोआप येत नाही हो. दारूतून तर नाहीच. लय डोक्यात घट्ट बसलेली असेल तरच माणूस तिच्यापासून लांब जाऊन परत येऊ शकतो, नाहीतर तो नुसता बेताल होतो. लोक म्हणतात तिचं दुःख आवाजात उतरलं. अहो दुःख सगळ्यांकडे असतं. तिच्याकडे वर्षानुवर्षं कान लावून केलेली तयारी होती, ती ऐकू येते आपल्याला.

पहिला अल्बम ऑक्टोबर 2003 मध्ये आला, फ्रँक. नावात सिनाट्राही आहे आणि "तोंडावर खरं बोलणारी" हा अर्थही आहे. निर्माता मुख्यतः सलाम रेमी, जो हिपहॉपमधला माणूस. या अल्बममधली एमी 20 वर्षांची आहे, अंबाडा नाही, मोकळे केस, हातात गिटार, आणि जॅझचे वाकडेतिकडे कॉर्ड घेऊन ती बॉयफ्रेंडला सरळ सुनावते की तू माझ्यापेक्षा वयाने मोठा ना, मग जरा खंबीर हो. त्याच गाण्याला 2004 मध्ये आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ब्रिटनमध्ये गाणं लिहिणाऱ्याला देतात, गाणाऱ्याला नाही, त्यामुळे वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला तो मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते लक्षात घ्या. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला देतात त्या मर्क्युरी पुरस्काराचं नामांकनही झालं. तिला स्वतःला मात्र हा अल्बम पूर्ण आपला वाटत नव्हता, कंपनीने काही गोष्टी आपल्या मनाने केल्या असं ती उघड बोलायची, आणि ते बोलणं कंपनीला किती आवडलं असेल ते सांगायला नको.

नंतर तीन वर्षं काही नाही. ती कॅम्डनमध्ये राहायला लागली, उत्तर लंडनचा हा भाग म्हणजे पब, बाजार आणि रोज रात्री कुठेतरी वाजणारं बँड. तिथल्या एका पबमध्ये ब्लेक फील्डर-सिव्हिल भेटला, जोरात प्रेम जमलं, मग तो आपल्या आधीच्या मैत्रिणीकडे परत गेला. या काळात ती जॅझ कमी आणि 60 च्या दशकातल्या मुलींच्या ग्रुपची गाणी जास्त ऐकत होती, खास करून शँग्री-लाज. तीन मिनिटांत एका पोरीचं आख्खं जग बुडतं, मागे कोरस, मध्येच बोलल्यासारखी ओळ. आणि 2006 मध्ये आजी सिंथिया गेली. एमीच्या दंडावर एक जुन्या फॅशनच्या बाईचा टॅटू होता आणि त्याच्याजवळ नाव लिहिलेलं होतं, सिंथिया. टॅटू सगळ्यांनी पाहिला, तो कोणाचा आहे हे फार थोड्यांनी विचारलं.

रिहॅबचं गाणं तर सगळ्यांना माहीत आहे, पण ते कशाबद्दल आहे तेही सांगून टाकते. 2005 च्या सुमाराला तिचं पिणं बघून तेव्हाचा मॅनेजर निक शिमान्स्की घाबरला आणि तिला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरवलं. ती म्हणाली बाबा म्हणाले तर जाते. बाबांना त्या वेळी गरज वाटली नाही. पुढे काही महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये रस्त्याने चालता चालता ती हा किस्सा मार्क रॉन्सन या संगीत निर्मात्याला सांगत होती, की ते मला न्यायला बघत होते आणि मी म्हटलं नाही नाही नाही, आणि रॉन्सन म्हणाला हे तर गाणं आहे. गाण्यात ती म्हणते की तिथे जाण्यापेक्षा मी घरी रे चार्ल्स ऐकत बसेन, डॉनी हॅथवे या सोल गायकाकडून जे शिकायला मिळतं ते तिथे कोण शिकवणार. जगभर लोक या गाण्यावर नाचले. मला आता ते नाचत ऐकणं जमत नाही.

तर रॉन्सन. 2006 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांची गाठ पडली. तिने त्याला शँग्री-लाज वगैरे ऐकवलं, हे हे मला आवडतं म्हणून. त्याने रात्री पियानोवर एक साधी चक्री बांधली, डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट, ए सेव्हन, चारच कॉर्ड, गोल गोल फिरणारे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर, गाण्याच्या खालची जमीन समजा. दुसऱ्या दिवशी तिला ऐकवलं आणि तिने आतल्या खोलीत बसून थोड्याच वेळात शब्द आणि चाल लिहून आणली, ते अल्बमचं शीर्षकगीत, बॅक टू ब्लॅक. गाणं मध्ये एकदम थांबतं, घंटा वाजल्यासारखी वाटते, आणि ती एकच शब्द, काळं, पुन्हा पुन्हा म्हणते. बाई प्रियकर सोडून गेल्याचं सांगतेय पण वाजतंय मयताचं संगीत. व्हिडिओतही तिने अंत्ययात्राच दाखवली.

आता हा अल्बम जुना का वाटतो ते सांगते, हा भाग मला सगळ्यात आवडतो. आजकाल प्रत्येक वाद्य वेगवेगळं, स्वच्छ रेकॉर्ड करतात, मग कॉम्प्युटरवर जुळवतात. 60 च्या दशकात माईक कमी, ट्रॅक कमी, सगळे वादक एका खोलीत, त्यामुळे ड्रमच्या माईकमध्ये थोडा ट्रम्पेट शिरायचा, पियानोत थोडा ड्रम, सगळ्यांच्या कडा एकमेकांत मिसळून जायच्या. रॉन्सनने त्यासाठी ब्रुकलिनमधला डॅप-किंग्ज हा बँड धरला, डॅपटोन नावाच्या छोट्या कंपनीचा, एका जुन्या घरात त्यांचा स्टुडिओ, टेपवर रेकॉर्डिंग, जुनी पद्धत हे त्यांचं रोजचंच काम होतं. वर खंजिरी, बॅरिटोन सॅक्स, खोल प्रतिध्वनी. अल्बमची सहा गाणी रॉन्सनने केली, पाच सलाम रेमीने.

पण नीट ऐकलंत तर हे 1963 नाहीये. ड्रम आणि बेस किती पुढे आहेत बघा, तसे तेव्हा नसायचे, ते हिपहॉपवाल्यांचे कान आहेत, रॉन्सन आधी न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये डीजे होता. आणि शब्द? 60 च्या दशकातल्या मुली आई काय म्हणेल म्हणून रडायच्या. एमीच्या गाण्यात पोरगी स्वतः फसवते, पकडली जाते, आणि म्हणते मी तुला सांगितलं होतं मी काही चांगली नाहीये. एका गाण्यात चिप्स आणि पिटा ब्रेड आहे, दुसऱ्यात तिला राग याचा आलाय की त्या माणसापायी तिची स्लिक रिक या रॅपरची मैफल चुकली. शिवी आली तर शिवी आहे. दहा वर्षांची रॅप करणारी पोरगी इथे बाहेर येते. प्रेमभंगावर लिहिणारे हजार आहेत, पण प्रेमभंगाच्या गाण्यात जेवायला काय होतं हे लिहिणारे फार थोडे, आणि त्या एका पिटा ब्रेडमुळे आपल्याला पटतं की हे खरंच घडलंय.

तिच्या कारागिरीचा अजून एक नमुना म्हणजे टिअर्स ड्राय ऑन देअर ओन. हे गाणं ऐकताना मागे ओळखीचं काहीतरी वाजतंय असं वाटतं, कारण त्याची कॉर्डची बांधणी अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन या जोडीने 60 च्या दशकात लिहिलेल्या मोटाऊनच्या एका गाण्यावर बेतलेली आहे, ज्यात कुठलाही डोंगर मला तुझ्यापर्यंत यायला अडवू शकत नाही असं वचन आहे. म्हणून लेखक म्हणून त्या दोघांची नावंही या गाण्यावर आहेत. त्या वचनाच्या जमिनीवर एमीने काय पेरलं तर, तू गेलास, ठीक आहे, माझे डोळे आपोआप कोरडे होतील. खाली आशा वाजतेय, वर निराशा गातेय. हे जमायला नुसतं मन मोडून भागत नाही, गाणं कसं बनतं ते आतून माहीत असावं लागतं.

मघाशी म्हटलं ती अवघड गोष्ट इथे येते. डॅप-किंग्ज हा बँड मुळात शॅरन जोन्सचा. शॅरन जोन्स काळी बाई, जन्म 1956 चा, चर्चमध्ये गाऊन तयार झालेली, पोट भरायला न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केलेली, आणि पन्नाशीला आली तरी छोट्या क्लबमध्ये गात होती. तिचेच वादक, तोच आवाज, आणि जगाचं लक्ष गेलं ते 23 वर्षांच्या लंडनच्या मुलीमुळे. एमीची यात चूक आहे असं मला वाटत नाही, ती आपल्या गुरूंची नावं गाण्यात घेते, आणि तिच्यामुळे डॅप-किंग्जना नवे श्रोतेही मिळाले. तरीही एमी आवडत असेल तर शॅरन जोन्स ऐकणं हे मी कर्तव्यच मानते. ती 2016 मध्ये कर्करोगाने गेली.

अल्बम ऑक्टोबर 2006 मध्ये आला आणि 2007 मध्ये ब्रिटनमधला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. फेब्रुवारी 2008 मध्ये ग्रॅमीत सहा नामांकनं, त्यातले पाच पुरस्कार एका रात्रीत. अमेरिकेचा व्हिसा वेळेत झाला नाही म्हणून ती लंडनमधूनच सॅटेलाइटवर गायली. रेकॉर्ड ऑफ द इयर जाहीर करायला तिकडे स्टेजवर जुने अमेरिकन गायक टोनी बेनेट आणि गायिका नॅटली कोल होते. टोनी बेनेट दिसताच तिचा चेहरा बघा, लहान मुलीसारखा, तिला पुरस्कारापेक्षा त्यांच्या तोंडून आपलं नाव येणं जास्त वाटलं असावं. मग नाव येतं आणि ती काही क्षण नुसती उभी राहते. नंतर आई धावत येऊन मिठी मारते.

बाकीचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून लांबवत नाही. मे 2007 मध्ये मायामीत ब्लेकशी लग्न, 2009 मध्ये घटस्फोट, मधल्या काळात ड्रग्ज, आणि दाराबाहेर चोवीस तास कॅमेरे. लंडनच्या टॅब्लॉइड पेपरांनी तिचा आजार रोज सकाळी पहिल्या पानावर विकला. 2009 मध्ये तिला एका फोटो एजन्सीविरुद्ध कोर्टातून मनाई हुकूम आणावा लागला की हे लोक माझ्या मागे लागतात, घराबाहेर थांबतात. ड्रग्ज तिने पुढे सोडले, दारू सुटली नाही. आणि एका गोष्टीबद्दल फार कमी बोललं गेलं, बुलिमिया. यात माणूस खातो आणि मग मुद्दाम उलटी करून काढून टाकतो, बाहेरून "बारीक झाली" एवढंच दिसतं. पण वारंवार उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियमसारखं क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि हृदयाचे ठोके त्याच क्षारांवर चालतात. तिला हे किशोरवयापासून होतं, आणि याने ती आतून खिळखिळी झाली होती असं तिच्या भावाने 2013 मध्ये जाहीर सांगितलं. भाऊ हे सांगेपर्यंत तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

23 जुलै 2011 ला कॅम्डन स्क्वेअरच्या घरी ती गेली. चौकशीत जे निघालं ते असं: रक्तात 100 मिलिलिटरमागे 416 मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमध्ये गाडी चालवायची मर्यादा 80 आहे, म्हणजे पाचपट. अवैध ड्रग्ज शरीरात सापडले नाहीत. आता हे होतं कसं? अल्कोहोल मेंदूला झोपवत नेतं, आधी संकोच, मग तोल, मग शुद्ध, आणि शेवटी मेंदूचा तो भाग जो आपण झोपेत असतानाही श्वास चालू ठेवतो. तो मंदावला की श्वास थांबतो. रोज पिणाऱ्याच्या शरीराला सवय होते, त्याला जास्त लागते, पण सवय दारू बंद केली की उतरते. एमी त्याआधी काही दिवस पीत नव्हती आणि मग पुन्हा एकदम भरपूर प्यायली. असं थांबणं आणि एकदम जुन्या मापाने सुरू करणं फार धोक्याचं असतं, शिवाय शरीर आधीच कमजोर. ज्यांच्या घरात कोणी असं सोडतंय-धरतंय त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, आणि खूप वर्षं पिणाऱ्याने एकदम बंद करणंही डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करू नये, त्यात झटके येऊ शकतात. पहिली चौकशी नेमणुकीच्या तांत्रिक कारणामुळे बाद ठरली म्हणून जानेवारी 2013 मध्ये पुन्हा झाली, निष्कर्ष तोच, अपघाती मृत्यू.

आणि ते 27 क्लब, म्हणजे मोठे संगीतकार 27 व्या वर्षीच जातात ही दंतकथा, प्लीज बंद करा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर 2011 मध्ये अभ्यास आला होता, ब्रिटनमध्ये नंबर एकचा अल्बम दिलेल्या 1,046 संगीतकारांची वयं तपासली, 27 व्या वर्षी मृत्यूचं प्रमाण वाढलेलं नाहीच. वाढलेलं आहे ते विशी आणि तिशीत, सामान्य लोकांच्या तुलनेत. म्हणजे आकड्यात जादू नाही, प्रसिद्धीत आणि त्या धंद्याच्या पद्धतीत धोका आहे. आजाराला दंतकथा बनवली की कोणालाच काही करावं लागत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे जायच्या चार महिने आधी, ती टोनी बेनेटबरोबर अ‍ॅबी रोड स्टुडिओत उभी होती. ते 84 वर्षांचे, ती 27 ची, गाणं 1930 सालचं. चित्रीकरण उपलब्ध आहे, आसिफ कपाडिया या लंडनच्या भारतीय वंशाच्या दिग्दर्शकाच्या माहितीपटात ते येतं, त्या माहितीपटाला 2016 मध्ये ऑस्कर मिळालं, जरी तिच्या वडिलांना त्यातलं आपलं चित्रण मान्य नव्हतं. तिथे ती घाबरलेली आहे, मध्येच थांबते, स्वतःवर चिडते, म्हणते तुमचा वेळ वाया घालवायचा नाहीये मला. आणि ते म्हातारे गृहस्थ किती शांतपणे तिला सांभाळून घेतात, डायना वॉशिंग्टनचा विषय काढतात, ती खुलते, आणि मग दोघं गातात. ते गाणं 14 सप्टेंबरला तिच्या वाढदिवशी प्रसिद्ध झालं, ती नसताना, आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. तिसऱ्या अल्बमसाठीचे कच्चे तुकडे होते तिचे. ते कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखाने नष्ट करून टाकले, पुढे कोणी त्यावर मागाहून वाद्यं चढवून विकू नये म्हणून. ऐकायला मिळाले असते तर मी नक्की ऐकले असते, तरी तो निर्णय मला बरोबर वाटतो.

ज्यांनी तिला कधीच नीट ऐकलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी? मी म्हणेन अल्बमच्या आधी सप्टेंबर 2007 च्या मर्क्युरी पुरस्कार सोहळ्यातलं एक गाणं बघा, लव्ह इज अ लूझिंग गेम. हे तिने एकटीने लिहिलेलं, त्यालाही पुढे 2008 मध्ये आयव्हर नॉव्हेलो मिळाला. महिनाभर आधी ओव्हरडोसमुळे तिचे कार्यक्रम रद्द झाले होते, पेपर तिच्याबद्दल काय वाट्टेल ते छापत होते, त्या रात्री ती येईल की नाही याचीच लोकांना शंका होती. ती आली. बँड नाही, फक्त साधी गिटार, आणि ती जवळजवळ हलतसुद्धा नाही. शब्द मात्रेच्या मागे, थोडा अजून मागे, आणि ओळ संपताना बरोबर जागेवर. पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्याच बँडला मिळाला.